गणती आणि नकाशा : मुंबईच्या नगररचनेतील झोपडपट्टीचे स्थान

१. प्रश्नाचे स्वरूप

शहराचा विकास-आराखडा आणि शहराची शिरगणती हे दोन दस्तऐवज परस्परांस पूरक असावेत, अशी नगररचनाशास्त्राची प्राथमिक अपेक्षा असते. जमीन कोणत्या कामासाठी राखावयाची हे आराखडा सांगतो. ती कोणासाठी राखावयाची हे शिरगणतीवरून कळते. मुंबईचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला असता मात्र हे दोन दस्तऐवज दोन निराळ्या वाटांनी गेल्याचे आढळून येते. शहरातील गरिबांची नोंद अनेकदा झाली, तपशीलवार झाली, आणि पुढे तर त्या नोंदीस कायद्याचे पाठबळही लाभले. परंतु ज्या नकाशावर शहराच्या जमिनीची वाटणी होत होती, त्या नकाशात या वर्गाला स्वतःचे असे स्थान क्वचितच मिळाले. गरीब मनुष्य नोंदवहीत आला, नकाशात आला नाही, असे या इतिहासाचे थोडक्यात वर्णन करता येईल.

प्रस्तुत लेखात या विसंगतीचा उगम आणि तिचे परिणाम तपासावयाचे आहेत. प्रश्न केवळ पुराणवस्तूंचा नव्हे. २००१ च्या शिरगणतीत बृहन्मुंबईतील झोपडपट्टीवासीयांची संख्या सुमारे ६४ लाख ७५ हजार, म्हणजे एकंदर लोकसंख्येच्या ५४ टक्के भरली. २०११ मध्ये ती सुमारे ५२ लाख, म्हणजे जवळजवळ ४२ टक्के नोंदली गेली. अखिल भारतीय शिरगणतीत झोपडपट्ट्यांची स्वतंत्र गणना प्रथम २००१ मध्ये झाली, हेही येथे ध्यानात घ्यावे. दोन गणनांमधील अंतर कितपत वास्तव आणि कितपत मोजणीच्या रीतीचा परिणाम, याविषयी मतभेद आहेत. ते काही असले तरी ज्या शहराच्या निम्म्याच्या आसपास रहिवाशांचे स्थान आराखड्यात अनिश्चित राहते, त्या आराखड्याला शहराचा आराखडा म्हणावे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आरंभी दोन शब्दांविषयी लिहिणे अगत्याचे आहे. सरकारी मराठीत इंग्रजी 'स्लम' या शब्दासाठी 'गलिच्छ वस्ती' हा प्रतिशब्द दीर्घकाळ रूढ होता. लोकांच्या तोंडी मात्र 'झोपडपट्टी' हा शब्द बसला. पहिला शब्द वस्तीचा दोष सांगतो. दुसरा तिची बांधणी आणि आकार सांगतो. पहिल्यात पाहणारा आरोग्याधिकारी आहे; दुसऱ्यात केवळ झोपड्यांची एक पट्टी दिसते, तिच्याविषयी निवाडा नाही. कायद्याची दृष्टी प्रारंभी पहिल्या शब्दाची होती, आणि ती तशी का झाली हे समजण्यासाठी प्लेगच्या काळापर्यंत मागे जावे लागते.

२. 'मनुष्यवस्तीस अयोग्य'

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ पर्यंत उतरली. मृत्यूइतकेच या घटीस शहरातून झालेले पलायनही कारणीभूत होते. रोगाचे मूळ विशिष्ट जागेत, कोंदट हवेत आणि अंधारात आहे, अशी त्या काळच्या अधिकाऱ्यांची समजूत असल्याने त्यांचे लक्ष रोग्याइतकेच घराकडे वळले. जी घरे राहण्यास अपात्र ठरत, त्यांच्या भिंतींवर 'मनुष्यवस्तीस अयोग्य' या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे रंगविली जात. मुंबईतील गरिबांच्या निवासाची नगररचनेच्या हेतूने झालेली ही पहिली ठळक नोंद होय.

१८९८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मुंबई नगर सुधारणा न्यासाने हीच दृष्टी पुढे चालविली. दाट वस्त्या मोकळ्या करणे, नवे रस्ते काढणे आणि गरीब वर्गासाठी आरोग्यकारक घरे बांधणे ही त्याची प्रमुख कामे होती. नागपाड्याची योजना प्रथम हाती घेण्यात आली. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड या रस्त्यांनी जुन्या वस्तीत समुद्राची हवा खेळविण्याचा उद्देश साधावयाचा होता. परंतु पाडण्याचा वेग आणि बांधण्याचा वेग यांचा मेळ बसला नाही. ज्यांची बिऱ्हाडे मोडली ती माणसे कामाच्या ठिकाणापासून दूर जाऊ शकत नव्हती. ती शेजारच्या चाळींत शिरली, आणि एका मोहल्ल्यातील दाटी कमी होऊन ती दुसऱ्यात वाढली. पुढे न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास सरसकट पाडापाडीऐवजी प्रत्येक खोलीस पुरेसा प्रकाश मिळेल असे अंतर दोन इमारतींत राखावे, असा आग्रह धरला व त्यासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढे मांडला. या नियमाचा उल्लेख पुढे पुन्हा करावयाचा आहे.

न्यासाच्या कामातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. नोंद घराची होत होती, रहिवाशाची नव्हे. संपादनाच्या वेळी मोबदला मालकास मिळे, आणि तो बहुधा भाड्याच्या उत्पन्नावर ठरत असल्याने ज्या घरात अधिक माणसे कोंबली असतील त्या घराची किंमत अधिक होई. ज्या दाटीसाठी घर दोषी ठरविले गेले, तीच दाटी मालकाच्या पदरी मोबदला म्हणून पडली. जो भाडेकरू ती दाटी सोसत होता त्याच्या पदरी काही पडले नाही. भिंतीवरील आद्याक्षरे ज्याला उद्देशून होती त्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत नव्हते.

३. चाळ आणि झावळ्यांची शेड

पहिल्या महायुद्धानंतर घरटंचाई तीव्र झाली, तेव्हा गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० साली विकास खात्याची स्थापना झाली. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्याच आज बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या जातात. प्रारंभीची काही वर्षे यांतील पुष्कळशा खोल्या रिकाम्या होत्या. कामगारास परवडणारे भाडे आणि सरकारी हिशेबाने ठरणारे भाडे यांत अंतर होते, आणि गिरणीपासूनचे अंतरही अनेकांस गैरसोयीचे होते. घरांची टंचाई आणि रिकामी घरे ही दोन्ही एकाच शहरात एकाच वेळी नांदत होती.

या दोहोंच्या मध्ये जो वर्ग होता त्याचे चित्र बर्नेट-हर्स्ट यांच्या १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील कामगार व घरे यांविषयीच्या ग्रंथात सापडते. चाळींच्या जोडीने त्यांनी झावळ्यांच्या शेडींचे आणि पत्रे व रॉकेलचे डबे यांपासून उभारलेल्या झोपड्यांचे वर्णन केले आहे. झोपडपट्टी ही स्वातंत्र्योत्तर काळातील स्थलांतराची निर्मिती आहे, हा समज त्यामुळे टिकत नाही. गिरण्या व गोदी यांच्या भरभराटीच्या काळातही भाड्याच्या बाजाराबाहेर राहिलेला एक थर शहरात होता, आणि शहराचे काम त्याच्यावाचून चालत नव्हते.

स्वातंत्र्यानंतर या थराची वाढ वेगाने झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने विद्यमान भाडेकरूस संरक्षण दिले. पण भाडी गोठल्याने नव्या चाळी बांधण्याचा व्यवसाय खाजगी भांडवलास किफायतशीर राहिला नाही. फाळणीनंतर आलेले निर्वासित आणि कोकण, घाट, गुजरात, दक्षिणेकडील प्रांत व उत्तर भारत यांतून आलेला कामकरी वर्ग यांमुळे बृहन्मुंबईची लोकसंख्या १९५१ मधील सुमारे ३० लाखांवरून १९७१ मध्ये सुमारे ६० लाखांवर गेली. चाळीचा दरवाजा बंद झाला होता. झोपडीचा तेवढा उघडा राहिला.

नगररचनेने या बदलाची दखल कशी घेतली? १९५६-५७ च्या सुमारास महापालिकेने केलेल्या पाहणीत १४४ गलिच्छ वस्त्या व त्यांतील चार लाखांहून अधिक रहिवासी नोंदले गेले. त्यांत जीर्ण चाळींचा भरणा मोठा होता. १९५४ च्या मुंबई नगररचना कायद्याने प्रत्येक नगरसंस्थेस संपूर्ण क्षेत्राचा विकास-आराखडा करणे बंधनकारक केले, आणि त्यानुसार मुंबईचा पहिला आराखडा १९६४ मध्ये तयार होऊन १९६७ पर्यंत मंजूर झाला. शाळा, दवाखाने, बाजार, उद्याने, रस्ते यांसाठी त्यात जागा राखून ठेवल्या होत्या, आणि सार्वजनिक हिताच्या दृष्टीने तो प्रयत्न मोलाचा होता यात शंका नाही. परंतु राखीव म्हणून रंगविलेल्या अनेक जागांवर त्या वेळी झोपड्या होत्या किंवा लवकरच उभ्या राहिल्या. नकाशात तेथे उद्यान होते. जमिनीवर तेथे वस्ती होती. उद्यान झाले नाही, आणि वस्ती मात्र उद्यानाच्या जागेवरील अतिक्रमण या नात्यानेच सरकारदप्तरी राहिली. झोपडीचे बेकायदेशीरपण हा तिचा अंगभूत गुण नसून पुष्कळदा नकाशाच्या रंगाने तिच्यावर बसविलेला गुण आहे, हे येथे स्पष्ट होते.

४. चार जानेवारी १९७६

१९७१ चा महाराष्ट्र झोपडपट्टी (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम हा या इतिहासातील पहिला वळणबिंदू होय. वस्तीस झोपडपट्टी घोषित करण्याचा निकष आरोग्य, सुरक्षितता व सोय यांचाच, म्हणजे जुनाच राहिला. तथापि नावात 'सुधारणा' हा शब्द 'निर्मूलना'च्या आधी आला, हे अर्थपूर्ण आहे. घोषित क्षेत्रातील रहिवाशास सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीवाचून मालकाने बाहेर काढू नये, अशी तरतूदही त्यात होती. पुढील वर्षी केंद्र सरकारने वस्ती-सुधारणेसाठी निधी देऊ केला आणि नळ, शौचालये, गटारे, पायवाटा, दिवे या गोष्टी वस्तीत येऊ लागल्या. झोपडपट्टी तात्पुरती नाही, हे शासनाने उघडपणे नव्हे तरी खर्चाच्या मार्गाने मान्य केले.

या पार्श्वभूमीवर रविवार, ४ जानेवारी १९७६ रोजी मुंबईतील झोपडपट्ट्यांची एकाच दिवशी गणती करण्यात आली. देशात आणीबाणी होती. आदल्याच वर्षी मोकळ्या जमिनींवरील अनधिकृत वास्तव्य त्वरित हटविण्याचा कायदा राज्याने केला होता. गणतीसाठी एकच दिवस निवडण्याचा उद्देश उघड होता : संख्या त्या दिवशी गोठवावयाची आणि त्यानंतर उभी राहणारी प्रत्येक झोपडी पाडण्यास पात्र ठरवावयाची. एकूण १,६८० वस्त्यांत सुमारे २८ लाख लोक मोजले गेले. मोजलेल्या कुटुंबांना ओळखपत्रे मिळाली. त्यांनाच लोक 'फोटोपास' म्हणू लागले. त्यांच्याकडून जो मासिक आकार घेतला जाई तो भाडे या नावाने नव्हता, कारण भाडे म्हटले असते तर भाडेकरूचा हक्क निर्माण झाला असता. शासनाच्या शब्दयोजनेत ही दक्षता होती.

असे असूनही या गणतीचा परिणाम तिच्या कर्त्यांनी कल्पिला होता त्याहून निराळा झाला. ज्याच्या हाती फोटोपास पडला त्याच्या हाती शासनाची एक कबुली पडली. अमुक दिवशी अमुक ठिकाणी हे कुटुंब राहत होते, याला खुद्द शासन साक्षी झाले. प्लेगच्या काळात नोंद घराच्या भिंतीवर होती आणि तिचा अर्थ 'हलवा' असा होता. आता नोंद माणसाच्या नावे झाली आणि तिचा अर्थ हळूहळू 'हलवावयाचे झाल्यास पर्याय द्या' असा होऊ लागला. हटविण्यासाठी निर्माण झालेले साधन राहण्याचा पुरावा बनले, ही या कालखंडातील सर्वांत लक्षणीय घटना म्हणावी लागेल.

या पुराव्याची मर्यादा मात्र त्याच वर्षी दिसून आली. तुर्भे-मानखुर्द परिसरातील जनता कॉलनी ही वस्ती शहराच्या अन्य भागांतून हलविलेल्या लोकांना खुद्द महापालिकेने जागा दिल्यामुळे उभी राहिली होती. तिचे रहिवासी अतिक्रमक म्हणून आलेले नव्हते. त्यांना तेथे आणून बसविले होते. शेजारच्या अणुसंशोधन केंद्रास ती जमीन हवी होती. जोकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखाली रहिवाशांनी अनेक वर्षे न्यायालयात व न्यायालयाबाहेर लढा दिला. तरी मे १९७६ मध्ये सुमारे ७० हजार लोकांची ती वस्ती पाडण्यात येऊन लोकांना चीता कॅम्प येथे हलविण्यात आले. नोंदीने पर्यायी जागा मिळाली. मूळ जागा टिकली नाही. नोंद माणसाला मान्यता देत होती, ठिकाणाला नव्हे.

५. सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा

१९७६ च्या गणतीबाहेर राहिलेला मोठा वर्ग पदपथवासीयांचा होता. जुलै १९८१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी त्यांना पदपथांवरून हटवून मूळ गावी पाठविण्याचे जाहीर केले. त्यातून उद्भवलेल्या व 'ओल्गा टेलिस' या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्याचा निकाल सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी दिला. उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात अंतर्भूत आहे, हे त्यातील तत्त्व सुविख्यात आहे. माणूस पदपथावर हौसेने राहत नाही. काम जेथे आहे तेथून चालत पोहोचता येईल अशा ठिकाणी त्याला राहावे लागते, हा निवास व रोजगार यांचा संबंध न्यायालयाने मान्य केला. नगररचनेच्या कोणत्याही आराखड्याने तोवर तो इतक्या स्पष्टपणे मान्य केला नव्हता.

निकालाचा दुसरा भाग तितकाच लक्षात ठेवण्याजोगा आहे. पदपथावर राहण्याचा हक्क कोणास नाही, आणि रीतसर सूचना देऊन महापालिका झोपड्या हटवू शकते, असे न्यायालयाने म्हटले. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कारवाई थांबविण्यात आली. आणि पर्यायी जागा कोणास द्यावयाची, या प्रश्नाचे उत्तर देताना १९७६ च्या गणतीत ज्यांची नोंद झाली होती व ज्यांना ओळखपत्रे दिली होती, त्यांचा निर्देश करण्यात आला. वीस वर्षांहून अधिक काळ उभ्या असलेल्या व सुधारलेल्या वस्त्या सार्वजनिक गरजेवाचून हटवू नयेत, असेही नमूद झाले. तत्त्व सर्व माणसांविषयी होते. उपाय मात्र मोजलेल्या माणसांपुरता उरला. नोंदवहीची सत्ता किती वाढली होती, याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

६. तारखेची रेषा

यानंतरच्या दशकात नोंदीचे रूपांतर तारखेत झाले. १९७६ ची मर्यादा पुढे १९८०, मग १९८५ आणि अखेर १ जानेवारी १९९५ अशी सरकत गेली. नोंदीत निदान एका प्रत्यक्ष मोजणीचा आधार होता. तारीख ही शासकीय निर्णयाने आखलेली रेषा होती. मतदारयादीतील नाव हे पात्रतेचे मुख्य प्रमाण ठरले. निवडणुकीसाठी केलेली यादी घरासाठी वापरली जाऊ लागली, आणि मर्यादा पुढे सरकविण्याचा प्रश्न साहजिकच निवडणुकीच्या हिशेबाशी जोडला गेला.

मध्यंतरी एक निराळा मार्ग काही काळ अवलंबिला गेला होता. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात रहिवाशांच्या सहकारी संस्थेस जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देऊन घर सुधारण्यासाठी कर्ज देण्याची कल्पना होती. या मार्गाची व्याप्ती मर्यादित राहिली. परंतु त्यात वस्ती आहे त्या जागी, आहे त्या स्वरूपात शहराच्या नकाशाचा भाग बनत होती. नोंद आणि नकाशा यांची गाठ पडण्याची शक्यता या योजनेत होती; ती पुढे सोडून देण्यात आली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि त्याहून अधिक १९९५ साली अफझुलपूरकर समितीच्या शिफारशींवर उभारलेल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने दिशा बदलली. पात्र कुटुंबास २२५ चौरस फुटांचे घर विनामूल्य द्यावयाचे. त्याचा खर्च विकासकाने त्याच जमिनीवर अधिक बांधकाम करून व ते खुल्या बाजारात विकून भरून काढावयाचा. ७० टक्के रहिवाशांची संमती आवश्यक होती. घर पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याची तरतूद ही या योजनेतील निःसंशय प्रगतिकारक बाब होय. आठ लाख घरे, चाळीस लाख लोक, ही त्या वेळची घोषणा होती. तीन दशकांनंतरही प्रत्यक्ष बांधणी त्या आकड्याच्या फार मागे आहे.

याचे कारण योजनेच्या रचनेतच आहे. जेथे जमिनीचा बाजारभाव चढा तेथे विकासकास लाभ अधिक. म्हणून वस्तीची निवड तिच्या गरजेवरून न होता जमिनीच्या मोलावरून होते. डोंगरउतारावरील, नाल्याकाठची, दरड वा पूर यांचा धोका असलेली वस्ती सर्वांत गरजू असते, आणि बहुधा तीच सर्वांत कमी किफायतशीर ठरते. शिवाय पात्र रहिवाशांची यादी, जिला वस्त्यांत 'परिशिष्ट-दोन' या नावाने आबालवृद्ध ओळखतात, ती कुटुंबाचे भवितव्य ठरविणारा कागद बनली. झोपडीत भाड्याने राहणारा, पोटमाळ्यावर राहणारा, मतदारयादीत नाव सुटलेला किंवा मर्यादेनंतर आलेला असे सर्व यादीबाहेर राहिले. शहरात नव्याने येणारा सर्वांत गरीब मनुष्य बहुधा झोपडीतील भाडेकरूच असतो. म्हणजे ज्याला निवाऱ्याची निकड सर्वाधिक, तोच या योजनेच्या दृष्टीने अस्तित्वात नव्हता.

तारखेचे तर्कशास्त्र घरापुरतेही राहिले नाही. १९९५ च्या मर्यादेनंतरच्या झोपड्यांना नळाचे पाणी नाकारणारे धोरण १९९६ पासून अमलात होते. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल देताना, पाणी हा जीविताच्या हक्काचा भाग असून केवळ झोपडी मर्यादेनंतरची आहे म्हणून ते पूर्णपणे नाकारता येणार नाही, असे सांगून महापालिकेस धोरण आखण्यास सांगितले. तहानेला तारीख नसते ही साधी गोष्ट सिद्ध होण्यास अठरा वर्षे लागली.

७. गणती कोणी करावयाची?

या इतिहासाला दुसरी एक बाजू आहे. १९८५ मध्ये 'स्पार्क' या संस्थेने पदपथावरील स्त्रियांच्या साहाय्याने सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची पाहणी केली व ती 'वुई, द इन्व्हिजिबल' या नावाने प्रसिद्ध केली. ज्यांची नोंद शासनाने केली नव्हती त्यांनी ती स्वतः केली. गणतीचे सामर्थ्य रहिवाशांनी ओळखल्याची ही खूण होती. पुढे राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि 'महिला मिलन' यांनी हीच रीत चालविली.

तिचा मोठ्या प्रमाणावरील उपयोग मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात झाला. रुळांलगतच्या झोपड्यांमुळे गाड्यांचा वेग मंदावत होता आणि रहिवाशांचे जीव धोक्यात होते. माजी मुख्य सचिव द. म. सुखटणकर यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाच्या आधारे १९९७ मध्ये पुनर्वसनाचे धोरण ठरले. त्यात प्रकल्पाच्या प्रारंभी केलेल्या पाहणीत जी कुटुंबे आढळली ती पात्र, हे तत्त्व स्वीकारले गेले. भूतकाळातील एखाद्या तारखेऐवजी प्रत्यक्ष वास्तव्य हे प्रमाण मानले गेले, आणि पाहणीत रहिवाशांच्या संघटनांचा सहभाग होता. रेल्वेकाठची हजारो कुटुंबे या मार्गाने मोठ्या संघर्षावाचून हलविता आली. नोंद विश्वासार्ह असली की स्थलांतरही सुकर होते, हा या अनुभवाचा धडा होय.

परंतु येथेही नकाशाचा प्रश्न सुटला नाही. पुनर्वसनाच्या इमारती पूर्वेकडील मानखुर्द-गोवंडी पट्ट्यात, जेथे जमीन स्वस्त तेथे, एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या वसाहतींतील खालच्या मजल्यांवर प्रकाश व हवा यांचा अभाव आणि क्षयरोगाचा प्रादुर्भाव यांचा संबंध दाखविण्यात आला. ऑर यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम ज्या शहरात शंभर वर्षांपूर्वी मांडला गेला, त्याच शहरात गरिबांसाठी बांधताना दोन इमारतींमधील अंतराचे नियम शिथिल करण्यात आले. 'मनुष्यवस्तीस अयोग्य' म्हणून घरे पाडण्यापासून सुरू झालेली ही वाटचाल पुन्हा अंधाऱ्या खोलीपाशी येऊन थांबते, हे नगररचनाकारांनी गंभीरपणे घ्यावयास हवे.

८. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मुंबईत गरिबांचा नगररचनेतील प्रवेश हा नियोजनाच्या द्वाराने न होता नोंदीच्या द्वाराने झाला. ज्या नोंदी नियंत्रणासाठी केल्या गेल्या त्याच हक्कांचा आधार बनल्या. हे शासनाच्या औदार्याने जितके घडले त्याहून अधिक रहिवाशांनी त्या कागदांचा ज्या चिकाटीने उपयोग केला तिच्यामुळे घडले. दुसरी, नोंदीचे रूपांतर तारखेत होताच तिची समावेशक शक्ती संपली. गणती 'येथे कोण आहे' असे विचारते. मर्यादेची तारीख 'येथे कोण असावयास नको होते' असे विचारते. तिसरी, कोणतीही नोंद, ती कितीही प्रामाणिक असो, वस्तीला जागा देऊ शकत नाही. जागा नकाशा देतो. म्हणून वस्ती जेथे आहे ते ठिकाण, तेथील कामधंदा, तेथून कामावर जाण्याचे अंतर आणि तेथील भाडेकरू या सर्वांचा विचार आराखडा आखतानाच व्हावा लागेल. आराखडा पूर्ण झाल्यावर अतिक्रमणांची यादी करताना तो करून चालणार नाही.

मर्यादा पुढे नेल्याने नव्या अतिक्रमणास उत्तेजन मिळते, हा आक्षेप निराधार नाही. परंतु १९७६ पासूनचा अनुभव असा की, मर्यादा कोठेही आखली तरी तिच्या पलीकडे माणसे उरतातच, कारण त्यांना परवडेल अशी जागा शहराने कधी राखून ठेवलेली नसते. अतिक्रमण थांबविण्याचा मार्ग तारखेतून जात नाही. भाड्याच्या स्वस्त घरांसाठी आगाऊ जमीन राखण्यातून जातो. रिकाम्या राहिलेल्या बीडीडी खोल्यांनी हेही शिकविले आहे की अशी घरे केवळ बांधून भागत नाही. ती कामाच्या वाटेवर आणि कामगाराच्या ऐपतीत असावी लागतात.

अभ्यासकांपुढे या विषयात मोठे काम पडून आहे. नगर सुधारणा न्यासाचे अहवाल ग्रंथालयांत जपले गेले आहेत. परंतु १९७६ चे फोटोपास, दंडाच्या पावत्या, शिधापत्रिका, परिशिष्ट-दोनच्या याद्या व त्यांवरील अपिले ही साधने मुख्यतः कुटुंबांच्या ट्रंकांतून आणि वस्ती-संस्थांच्या कपाटांतून आहेत. वस्तीचा पुनर्विकास झाला की घर मिळालेल्यास त्यांची गरज उरत नाही आणि घर न मिळालेल्याचा पत्ता उरत नाही. या कागदांचा संग्रह व सूची करण्याचे काम विद्यापीठीय विभागांनी वेळीच हाती घेतले नाही, तर मुंबईच्या निम्म्या शहराचा इतिहास केवळ ते पाडणाऱ्यांच्या दप्तरांवरून लिहावा लागेल.